घोंगडीची मधली शिवण

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची असेल तर आधी मला हुंगून बघा. नाक मुरडू नका. लोणी गावच्या दादाभाऊंच्या ओसरीत मी अंथरलेली असते. काळी, जाडीभरडी, अंगाला टोचणारी घोंगडी. वय तिशीच्या पुढे. काठ झिजलेत, एका कोपऱ्याला चुलीच्या ठिणगीने पाडलेलं भोक आहे आणि बरोबर मधून एक पांढरी शिवण गेली आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे असं म्हणाले असते, पण शेवटची वीतभर जागा उघडीच राहिली आहे. येणारे-जाणारे विचारतात, "आबा, एवढी फाटकी घोंगडी शिवत कशाला बसलात?" मला फार राग येतो. मी फाटलेली नाही. मला कापलंय, आणि तेही ज्यांनी मला जन्मभर जपलं त्यांनीच. त्याचीच हकिगत सांगते. मध्येच माझ्या पोटातून कुणी चुईं-चुईं केलं तर दचकू नका.

माझा जन्म दादाभाऊंच्या स्वतःच्या मेंढरांच्या अंगावर झाला. त्या काळी त्यांच्याकडे दीडशे मेंढरं होती. मेंढरं नदीत धुवायची, उन्हात वाळवायची आणि मग कातरीने लोकर उतरवायची. ती लोकर त्यांच्या कारभारणीने, सरुबाईंनी, पिंजली आणि तिचं सूत काढलं. सरुबाई दातांना मिश्री लावायच्या आणि त्याच बोटांनी सूत कातायच्या. त्यामुळे माझ्या धाग्याधाग्यात मिश्री मुरलेली आहे. मग सणगराने मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावली, उन्हात ताणून ठेवलं आणि मी तयार झाले. सणगर म्हणाला, "दादाभाऊ, ही घोंगडी पाऊस पिऊन टाकंल, पर आत थेंब सोडायची न्हाई." एवढं कौतुक मला पुन्हा फारसं कुणी केलं नाही. उलट एखादं काम रखडलं की लोक 'भिजत घोंगडं' म्हणून आमच्या जातीलाच नावं ठेवतात. आता मी भिजत पडायचे ती काय आळसाने? माझ्याखाली कोकरं असायची!

दिवाळी झाली की दादाभाऊ मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाआधी परत वर चढायचे. मी त्यांच्या खांद्यावर. मी छत्री झाले, अंथरूण झाले, पाहुण्यांचं आसन झाले. एकदा कुत्रा आणि बिबट्या यांच्या मध्येसुद्धा पडले, पण ती गोष्ट सांगायला लागले तर तुमची शाळा बुडेल. माझं सगळ्यात मोठं काम वेगळंच होतं. कधी एखाद्या मेंढीचं कोकरू दगावायचं आणि दुसरीकडे एखादं कोकरू आईविना पोरकं व्हायचं. मेंढी परक्या कोकराला जवळ करत नाही, ढुशी मारून लोळवते. तेव्हा दादाभाऊ घाई करायचे नाहीत. आधी त्या मेंढीला तिचं मेलेलं कोकरू पोटभर चाटू द्यायचे. तिने आपण होऊन मान फिरवली की ते कोकरू माझ्यात गुंडाळायचे. मग त्याच माझ्यात ते पोरकं कोकरू गुंडाळून मेंढीसमोर सोडायचे. मेंढी हुंगायची, थबकायची, पुन्हा हुंगायची आणि पाय फाकवून त्याला पाजायला उभी राहायची. दादाभाऊ हसून म्हणायचे, "वास एक झाला की गोत एक झालं."

पुढे त्यांचे गुडघे गेले. मेंढरं विकली. ज्या दिवशी शेवटचं मेंढरू टेम्पोत चढलं त्या दिवसापासून दादाभाऊ ओसरीत बसून राहू लागले. दोन वर्षांनी सरुबाई गेल्या. घर रीतीप्रमाणे सारवलं-धुतलं, त्यांची लुगडी देऊन टाकली, भांडी घासली. मी तेवढी राहिले, कारण लोकरीला विटाळ नसतो. पण मला बघितलं की दादाभाऊंचा चेहरा उतरायचा. म्हणून त्यांच्या सुनेने, पुष्पाने, मला घडी करून माळ्यावरच्या पेटीत ठेवलं आणि वर चार डांबरगोळ्या टाकल्या. मनाने चांगलं केलं, पण मित्रांनो, त्या गोळ्यांनी माझं नाक मेलं. चार वर्षं मला ना ऊन लागलं, ना कुणाचा हात. मी अगदी आंबट होऊन गेले होते.

मग एका थंडीत पुष्पाचा भाऊ गोरक्ष आला. त्याने सहावीतल्या भाचीला, पुष्पाच्या हिराला, भेट आणली होती. जाळीचा पिंजरा, आणि त्यात बिनशेपटीचे दोन जीव. दोन्ही माद्या. "गिनीपिग हायेत," तो ऐटीत म्हणाला.

शेजारच्या झुंबरबाई, दादाभाऊंच्या चुलतबहीण, तिथेच ओसरीत बसल्या होत्या. नातवाच्या पुस्तकातला 'पिग' त्यांना चांगला पाठ होता.

"पिग म्हंजी डुक्कर न्हवं का रं? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!"

"घोडं परवडलं असतं, आत्या," पुष्पाने भावाकडे डोळे वटारले. "देव्हाऱ्यात बिरोबा, अन् ओसरीत डुक्कर? न्हे बाबा परत."

हिराचे डोळे भरून आले. दादाभाऊ काठी टेकत उठले, पिंजऱ्याशी वाकले, आतून एक लेंडी उचलली, बोटांत फिरवली आणि नाकाशी नेली.  लेंडी बघून जनावराचं दुखणं सांगणारा तो माणूस. त्याचा शब्द कोण मोडणार?

"डुक्कर न्हाई," ते म्हणाले. "गवत खाणारी जात हाय. लेंडी कोरडी हाय, दाणेदार हाय. ही आपल्या मेंढराची लांबची भावकी म्हना. लेंडी कवा खोटं बोलत न्हाई, झुंबर."

झालं. भावकी ठरली म्हटल्यावर कोण हाकलणार? हिराने दोघींची नावं ठेवली. एक तांबूस, पापुद्र्या-पापुद्र्यांच्या केसांची, ती खारी. दुसरी पिवळसर, गुबगुबीत, ती बटर. चहासोबत लागणारी ही जोडी घरात सगळ्यांना पाठ होतीच.

त्याच दिवशी पुष्पा गोणपाट शोधायला माळ्यावर चढली आणि तिच्या हाताला मी लागले. तिने मला खाली आणलं. मला बघताच दादाभाऊ म्हणाले, "ती न्हाई. दुसरं बघ कायतरी."

"आबा, त्या कुडकुडतायत," हिरा म्हणाली.

दादाभाऊंनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "घाल."

खरं सांगू? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाट चढलेली-उतरलेली मी, आता लेंड्या झेलायला? पण त्या दोघी माझ्यावर उतरल्या, चार पावलं चालल्या, नाक खुपसून मला हुंगलं आणि एकदम अशी उडी मारली की चारी पाय हवेत. हिरा म्हणाली, त्या खूश झाल्या की अशाच उडतात. चार वर्षांत मला बघून कुणीच उडी मारली नव्हती. मग राग तरी किती वेळ धरायचा?

दादाभाऊंचं बसून राहणं त्यानंतर संपलं. सकाळी ते बांधावरून कोवळं गवत आणायचे. कोथिंबिरीच्या चार काड्या, पेरूची फोड, कधी ढोबळी मिरची. मला उन्हात झटकायचे आणि लेंड्या मोजायचे. "आज पसाभर. झकास." बटर मला दाबून-दाबून एका जागी खळगा करायची आणि त्यात बसायची. खारी तिच्या कुशीला. बटर थोडी बाजूला सरकली तरी खारी शिट्टी मारून तिला बोलवायची. अशी दोन वर्षं गेली आणि मी पुन्हा कामाची झाले.

या गेल्या थंडीत एका सकाळी बटर खळग्यातून उठली नाही. ही जात दुखणं लपवते, मेंढरासारखीच. काय झालं ते कुणाला कळलंच नाही. हिरा शाळेत गेलेली. दादाभाऊंनी बटरला हातात घेतलं. पोरीने हे बघू नये, असं त्यांच्या मनात आलं. खारीने तर अजून नीट हुंगलंही नव्हतं. एवढी वर्षं मेंढ्यांना मेलेली कोकरं चाटू देणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना काही सुचलं नाही. बटरला टॉवेलात गुंडाळून ते थेट बांधावर गेले आणि शेवरीच्या झाडाखाली खड्डा करून तिला पुरलं. इकडे पुष्पाने रीतीप्रमाणे धुणं काढलं. पिंजरा, वाट्या, लाकडी खोकं, ओसरीची फरशी, सगळं फिनेलने लख्ख. शेवटी तिने मला उचललं.

"आत्या, ही पण भिजवू का?"

झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "लोकरीला इटाळ नसतो गं. घाल जरा उन्हात, ऱ्हाऊ दे."

म्हणून मी अंगणातल्या दोरीवर गेले आणि खारी गोणपाटाच्या तुकड्यावर, फिनेलच्या वासात.

संध्याकाळी हिरा आली. तिला सांगितलं तेव्हा ती रडली, पण रडण्याआधी तिने एकच विचारलं, "मला का नाय दाखवली?"  त्यानंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट पुढे ठेवायची, पाणी आणून द्यायची, पण 'आबा' म्हणायची नाही.

खारी मात्र बोलत होती. पिंजऱ्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायची, शिट्टी मारायची आणि कान देऊन थांबायची. दोरीवरून मला सगळं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी थांबली. गवत तसंच पडलं. कोथिंबीर सुकून गेली. तिसऱ्या सकाळी दादाभाऊंनी लेंड्या मोजल्या आणि हाक मारली, "पुष्पा, गोरक्षाला फोन लाव. गाडी आण म्हनावं. सातच हायेत."

मंचरला जनावरांच्या डॉक्टर प्रतिभाताई होत्या. त्यांनी खारीला तपासलं, पोट दाबून बघितलं, दात बघितले, वजन केलं.

"आबा, दात ठीक आहेत. जखम नाही. पण हिचं पोट चाललेलं राहिलं पाहिजे. ही जात एक दिवस जरी उपाशी राहिली तरी आतडं थांबतं, आणि मग आपल्या हातात राहत नाही. हे औषध, आणि हा गवताचा भरडा. पाण्यात कालवून सिरिंजने दर दोन-तीन तासांनी थोडा-थोडा भरवा. घाई नको, ठसका लागतो." मग त्यांनी विचारलं, "हिची जोडीदारीण होती का?"

"व्हती," दादाभाऊ म्हणाले.

"मग खरं औषध माझ्या कपाटात नाही, आबा."

घरी आल्यावर हिरा खारीला मांडीवर घेऊन बसली. सिरिंजने एक थेंब, मग एक थेंब. खारी गिळत होती, पण आपण होऊन काहीच तोंडात घेत नव्हती. खाली ठेवली की भिंतीकडे तोंड करून बसायची. दादाभाऊ शेजारी गुडघे धरून बसले. पिंजऱ्यात वाकले आणि एकदम मागे सरले.

"पुष्पा, ह्ये काय लावलंय?"

"फिनेल हाय, मामंजी. त्या दिवशी धुतलं ना सगळं."

दादाभाऊ उठले. काठी विसरले. अंगणात आले, मला दोरीवरून ओढलं आणि माझ्यात नाक खुपसलं. मित्रांनो, सहा वर्षांत त्यांनी मला असं जवळ घेतलं नव्हतं. बटरचा तो खळगा अजून माझ्यावर उमटलेला होता. त्यांनी तिथे हुंगलं. मग थोडं बाजूला, मग त्या चुलीच्या भोकाच्या कोपऱ्यापाशी. तिथे ते थांबले. डांबरगोळ्यांच्या खाली, मेंढरांच्या खाली, गिनीपिगांच्या खाली मिश्री होती. सरुबाई होत्या. म्हातारा अंगणाच्या मधोमध उभा राहून रडला आणि त्याने ते लपवलंही नाही.

मग आत येऊन त्यांनी गोणपाट काढलं आणि मला खारीच्या पिंजऱ्यात घातलं. खारी हलली. नाक थरथरलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. खळग्यापाशी आली, खोल हुंगलं, आणि शिट्टी थांबल्यापासून पहिल्यांदा बारीक आवाज केला. शिट्टी नव्हती ती. कुशीत असताना बोलायच्या तशी कुरकुर होती. खळग्यात बसली. किती वेळ बसली ते मला माहीत नाही. मी तर श्वास धरून होते. मग तिने मान लांब केली आणि कोथिंबिरीची एक काडी ओढून चावायला लागली.

"आबा!" हिरा ओरडली. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

दादाभाऊ तिच्याजवळ खाली बसले. "चुकलो, पोरी. आमी मेंढीला तिचं कोकरू चाटू देतो, अन् तुला न्हाई दाखवली, हिलाबी न्हाई. तुझी आजी गेली तवा सगळं घर असंच धुऊन काढलं व्हतं. मला वाटलं, धुतलं की झालं. न्हाई होत."

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी हिरा त्यांच्यासोबत बांधावर गेली. शेवरीखाली तिने पेरूची एक फोड ठेवली. येताना आजोबांची काठी तिच्याच हातात होती आणि ते तिच्या खांद्याला धरून चालत होते.

खारी खाऊ लागली. लेंड्या सातावरून वीस, विसावरून ओंजळभर झाल्या. पण दादाभाऊ खूश नव्हते. "वास किती दिस पुरंल?" ते म्हणायचे. "एकलं मेंढरू चरत न्हाई. चरलं तरी अंगी लागत न्हाई." मी मनात म्हणायचे, हे एकलं मेंढरू कोण, तेही ओळखते मी.

गोरक्षने चार ठिकाणी फोन फिरवले. डिंगोऱ्याला सार्थक नावाच्या मुलाकडे एक मादी होती. तिची जोडीदारीणही गेलेली, आणि तो शिकायला पुण्याला निघालेला. त्याने ती आपण होऊन दिली आणि देताना दहा सूचना केल्या. रंगाने ती भुरकट, अंगाने गोल. हिराने नाव ठेवलं नानकटाई. झुंबरबाईंनी दोन दिवसांत तिची नानी केली.

बाजारातून आणलेलं मेंढरू दादाभाऊ कधी लगेच कळपात सोडत नसत. प्रतिभाताईंनीही फोनवर तेच सांगितलं, पंधरा दिवस वेगळी ठेवा. म्हणून नानीचा पिंजरा आतल्या खोलीत. पण एकदा पुष्पाच्या नजरचुकीने दोन्ही पिंजरे उन्हासाठी अंगणात शेजारी आले आणि खारीने दात असे वाजवले की जणू कुणी खिडकीच्या काचेवर खडे मारतंय. अंगावरचे केस ताठ. नानीही कमी नव्हती.

"आता गं बया," झुंबरबाई म्हणाल्या. "सवतीच की ह्या."

हिराचं तोंड एवढंसं झालं. "आबा, हिने नाय स्वीकारली तर?"

दादाभाऊ उठले. त्यांनी मला खारीच्या पिंजऱ्यातून काढून अंगणात पसरलं, घरात गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लोकर कातरायची जुनी कातर होती. पुष्पा हातातलं काम टाकून धावली.

"मामंजी! आईंच्या हातचं सूत हाय ते."

"म्हनून तर," दादाभाऊ म्हणाले. "दुसरं कुनाचं चाललं असतं व्हय?"

तुम्ही विचाराल, दुखलं का? खोटं कशाला बोलू? दुखलं. ज्या कातरीने माझी लोकर मेंढरांच्या अंगावरून उतरवली, तीच कातर माझ्या मधून कर-कर करत गेली. दादाभाऊंनी एकदाही हात थांबवला नाही, पण ओठ घट्ट मिटलेले होते. एक अर्धी खारीकडे, एक अर्धी नानीकडे. मग रोज सकाळी अदलाबदल. खारीची अर्धी नानीला, नानीची अर्धी खारीला. पहिल्या दिवशी खारीने माझ्यावर दात वाजवले. माझ्यावर! ज्या घोंगडीने तुला जगवलं तिच्यावर? चौथ्या दिवशी नुसतं हुंगलं. दहाव्या दिवशी माझ्यावर पसरून झोपली. मी दोन ठिकाणी होते, मित्रांनो, आणि दोन्हीकडचा वास मला हळूहळू एकच वाटू लागला. कोकरांच्या वेळचं माझं जुनं काम होतं ते. अंगात मुरलेलं काम असं विसरत नाही.

पंधरा दिवस झाल्यावर दादाभाऊंनी ओसरीच्या अगदी मधोमध, जिथे दोघींपैकी कुणीच राहिली नव्हती, माझ्या दोन्ही अर्ध्या काठाला काठ लावून अंथरल्या. दोन खोकी आडवी ठेवली, प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकू नये. मध्ये कोथिंबिरीची अख्खी जुडी. एका अर्ध्या भागावर खारी, दुसऱ्यावर नानी. सगळे भोवताली. गोरक्ष मुद्दाम चाकणहून आलेला. त्याने मोबाईल वर धरला तेव्हा पुष्पाने तो खाली करायला लावला.

खारीने मान उचलली. नानीने अंग फुगवलं. दात एकदा वाजले. हिरा पुढे झेपावणार तोच दादाभाऊंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. हुंगू दे."

खारी माझ्या कापलेल्या कडेपर्यंत आली. इकडे नाक लावलं, तिकडे नाक लावलं. दोन्हीकडे तोच वास. नानीलाही तेच कोडं पडलं असावं. मग दोघींनी एकमेकींच्या मागे जाऊन इतकं बारकाईने हुंगलं की झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. "काय गं बाई ह्यांची पत्रिका जुळवायची तऱ्हा!" गोरक्ष फिसकन हसला. एकदा खारी नानीच्या अंगावर चढून आपला थोरपणा सांगून आली. नानी चिरकली आणि खोक्यात शिरली, पण दुसऱ्या दाराने बाहेर आली आणि थेट कोथिंबिरीला लागली. खारीने ते पाहिलं. एका काडीचं एक टोक नानीच्या तोंडात होतं. खारीने दुसरं टोक धरलं. दोघी चावत-चावत जवळ आल्या. नाकाला नाक लागलं तेव्हा काडी संपली होती आणि कुणीच दात वाजवले नाहीत.

"जुळलं," दादाभाऊ म्हणाले आणि मटकन खाली बसले.

त्या आठवड्यात त्यांनी दाभण काढलं. सरुबाईंच्या टकळीवर शेवटचं पांढरं सूत तसंच गुंडाळलेलं राहिलं होतं. त्याला त्यांनी कधी कुणाचा हात लागू दिला नव्हता. त्या सुताने त्यांनी मला शिवायला घेतलं. हिरा धागा ओवून द्यायची. टाके वेडेवाकडे आले, कारण मेंढपाळ काही शिंपी नव्हे. शेवटच्या टोकाला वीतभर राहिलं आणि सूत संपलं. पुष्पा म्हणाली, "मामंजी, नायलॉनचा दोरा देते, तेवढं पुरं करा."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "एवढं पुरंल."

त्या वेळी मला जरा वाईट वाटलं, अर्धवट काम म्हणून. आता वाटत नाही. मला दुहेरी घडी घालून अंथरलं की ती उघडी वीत म्हणजे बीळ होतं. खारी आणि नानी त्यातून आत शिरतात आणि माझ्या दोन पदरांच्या मध्ये, एकीच्या कुशीला दुसरी अशा बसतात. बटरने केलेला खळगा अजून आहे. तोही त्या दोघींच्या वाट्याला आलाय. दादाभाऊ रोज सकाळी मला उन्हात झटकतात, लेंड्या मोजतात, "पसाभर, वर चार," म्हणतात, आणि पुन्हा अंथरण्याआधी चुलीच्या भोकाचा कोपरा एकदा नाकाशी नेतात. कुणी बघत असलं तरी.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या मुक्या जिवाची जोडी फुटली, तर मागे राहिलेल्याला गेलेल्या जोडीदाराला शेवटचं हुंगू द्या. पिंजरा लख्ख धुऊन काढायची घाई करू नका. तो खातो का, लेंड्या टाकतो का, ते रोज बघा. खाणं सोडलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नवं कुणी आणलंत तर एकदम अंगावर लोटू नका. वास एक व्हायला वेळ लागतो. आणि हो, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीतही हेच करून बघा. काही बिघडत नाही.

बरं, आता आलाच आहात तर टेका. चपला तिकडे. पाय पसरा, माझी हरकत नाही. फक्त त्या टोकाच्या उघड्या वीतभर जागेत हात घालू नका. आत दोघी आहेत.